वाचकांचे प्रश्न : कॅसेटवरचं चित्र संगणकात घेताना

या वेळच्या पत्रांत माळ्यावरच्या कॅसेटांचा विषय सगळ्यात जास्त आहे. लग्नं, मुंजी, २००३ च्या सिंहस्थाचं घरगुती चित्रण, सोसायटीचा गणपती. जवळपास प्रत्येकाने ‘सगळ्यात चांगलं सॉफ्टवेअर कोणतं?’ असं विचारलं आहे. आमच्या मते हा तिसऱ्या क्रमांकाचा प्रश्न. आधी कॅसेट आणि ती चालवणारा व्हीसीआर, मग कॅप्चरचं, म्हणजे चित्र संगणकात घेण्याचं उपकरण, आणि त्यानंतर सॉफ्टवेअर व कोडेक (चित्र दाबून साठवण्याची पद्धत). पण विचारलंच आहे, तर सुरुवात तिथूनच करू. उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, त्यामुळे फक्त आपल्या प्रश्नाचं न वाचता वरून खाली वाचावीत.

प्रश्न : घरात १९८९ ते २००२ मधल्या लग्न-मुंजीच्या व्हीएचएस कॅसेटा आहेत. यूएसबीची कॅप्चर स्टिक आणली. सोबतच्या सीडीतलं सॉफ्टवेअर ‘डीव्हीडी क्वालिटी’ची एमपीईजी फाइल बनवतं. पण कुणी हात हलवला की कडेला कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेषा दिसतात आणि अंधाऱ्या भागात चौकोन चौकोन. कोणतं सॉफ्टवेअर आणि कोणता कोडेक घेऊ?
— एक वाचक, कॉलेज रोड

उत्तर : या दोन तक्रारींची कारणं वेगळी आहेत. आडव्या रेषा हा बिघाडच नाही. आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम असतात आणि प्रत्येक फ्रेम दोन फील्डची बनलेली असते. एका फील्डमध्ये विषम ओळी, दुसऱ्यात सम ओळी, आणि दोन्हींमध्ये एक पन्नासांश सेकंदाचं अंतर. जुना टीव्ही ती फील्ड एकापाठोपाठ एक दाखवायचा. संगणक दोन्ही एकदम दाखवतो, म्हणून तेवढ्या वेळात हललेला हात दोन जागी दिसतो. कॅप्चर करताना या रेषांना हात लावू नका. ते काम नंतरचं आहे, आणि नंतर केलं तर कितीतरी चांगलं होतं.

चौकोन मात्र खराच दोष आहे आणि तो एमपीईजीचा आहे. व्हीएचएसच्या चित्रात सतत बारीक मुंग्या असतात. नुकसान करून दाबणाऱ्या कोडेकला मुंगी आणि मुंडावळी यांतला फरक कळत नाही. प्रत्येक फ्रेममध्ये नव्या जागी आलेली मुंगी त्याला नवी माहिती वाटते, तिच्यावर तो बिट खर्च करतो आणि अंधाऱ्या कोपऱ्यातल्या आजीच्या चेहऱ्यासाठी काही उरत नाही. त्याच कारणाने थेट एच.२६४ या तशाच कोडेकमध्ये कॅप्चर करणंही आम्हाला पटत नाही. पुढे तुम्ही फाइल कापणार, रेषा काढणार, रंग सुधारणार आणि पुन्हा दाबणार, म्हणजे नुकसानही दोनदा.

तेव्हा कॅप्चर लॉसलेस कोडेकमध्ये करा. म्हणजे फाइल लहान होते, पण उलगडल्यावर एकेक बिट जसाच्या तसा परत मिळतो. पर्याय चार आहेत. हफवाययूव्ही सगळ्यात जुना आणि हलका, पंधरा वर्षांपूर्वीचा संगणकही त्याला पेलतो. यूटी व्हिडिओ तितकाच वेगवान आणि विंडोजच्या नव्या आवृत्त्यांवर बसवायला सोपा. आमची पहिली पसंती हाच. लॅगरिथ फाइल थोडी लहान करतो, पण प्रोसेसरला जास्त कामाला लावतो आणि २०११ नंतर त्यावर काम झालेलं नाही. तो वापरलाच तर ‘नल फ्रेम’चा पर्याय बंद ठेवा. चौथा एफएफव्ही१. आकार सगळ्यात लहान, २०२१ मध्ये आरएफसी ९०४३ या तांत्रिक दस्तऐवजात त्याचं तपशीलवार वर्णन प्रसिद्ध झालं आहे, आणि फाइलचा एखादा तुकडा खराब झाला तर ओळखता येण्यासाठी त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत तपासणी-आकडे घालता येतात. जपून ठेवायला हाच उत्तम. पण कॅप्चर यूटी व्हिडिओत करावं आणि मग निवांत एफएफव्ही१ मध्ये, एमकेव्ही फाइलमध्ये बदलावं. लॉसलेसमधून लॉसलेसमध्ये जाताना काहीही गमावत नाही, आणि ऐन कॅप्चरमध्ये प्रोसेसर धापा टाकत नाही.

सॉफ्टवेअर व्हर्च्युअलडब किंवा त्याची पुढची आवृत्ती व्हर्च्युअलडब२. दोन्ही मोफत. एक खोच लक्षात ठेवा : ३२ बिट व्हर्च्युअलडबला फक्त ३२ बिट कोडेक दिसतात, ६४ बिटला फक्त ६४ बिट. ‘कोडेक टाकला पण यादीत येतच नाही’ याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

फाइल मेनूतून कॅप्चर एव्हीआयमध्ये जा. डिव्हाइस मेनूत आपली स्टिक निवडा. पुढे क्रम महत्त्वाचा आहे. आधी व्हिडिओ मेनूतल्या कॅप्चर फिल्टरमध्ये जाऊन पद्धत पाल-बी करा. अनेक ड्रायव्हर मुळात एनटीएससी या अमेरिकी पद्धतीवर असतात, आणि तसं असेपर्यंत आकारांच्या यादीत ७२० बाय ४८० च दिसतं. पाल केल्यावर कॅप्चर पिनमध्ये ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम आणि रंगाचा प्रकार वाययूवाय२ ठेवा. वाययूवाय२ म्हणजेच ४:२:२, आडव्या ओळीत रंगाचे नमुने उजेडाच्या निम्मे. मग कॉम्प्रेशनमध्ये यूटी व्हिडिओचा ‘वाययूव्ही ४२२ बीटी.६०१’ हा प्रकार घ्या. ७०९ वाला घेऊ नका, तो एचडीसाठी आहे आणि त्याने हिरवा-लाल किंचित सरकतो. आवाज पीसीएम (न दाबलेला), ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टीरिओ.

आता लेव्हल, जिथे बरेच जण घाई करतात. व्हिडिओ मेनूतला हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, चालू करा आणि लग्नातला सगळ्यात उजळ प्रसंग लावा. हॅलोजनच्या झोतात उभं वऱ्हाड, पांढरी टोपी, पांढरं उपरणं. आलेख दोन्ही टोकांच्या लाल पट्ट्यांत घुसता कामा नये, म्हणजे चित्राचा उजेड साधारण १६ ते २३५ या आकड्यांत बसला पाहिजे. उजळ टोकाला घुसत असेल तर लेव्हल्समध्ये आधी ब्राइटनेस आणि मग कॉन्ट्रास्ट कमी करा. उपरण्याची घडी एकदा सपाट पांढरी झाली की नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. उलट चित्र थोडं मळकट आलं तर ते नंतर उजळता येतं. शार्पनेस वाढवू नका. स्टिकचाही नाही आणि व्हीसीआरचाही नाही.

प्रश्न : वीस कॅसेटा आहेत, सरासरी दोन तासांच्या. हार्ड डिस्क किती मोठी लागेल? आणि माझं रेकॉर्डिंग दर सात मिनिटांनी आपोआप का थांबतं?
— इंदिरानगर

उत्तर : न दाबलेलं चित्र ७२० × ५७६ × २ बाइट × २५ म्हणजे सेकंदाला सुमारे २०.७ एमबी, तासाला ७५ जीबी होतं. हफवाययूव्ही किंवा यूटी व्हिडिओने ते साधारण ३५ ते ४० जीबीवर येतं, एफएफव्ही१ ने ३० च्या आसपास. हे आकडे चित्रातल्या मुंग्यांवर अवलंबून असतात. स्वच्छ कॅसेट कमी जागा घेते, तिसऱ्या पिढीची कॉपी जास्त. तुमच्या ४० तासांना कॅप्चरसाठी दीड टीबी धरा, म्हणजे २ टीबीची डिस्क. विंडोज ती १.८१ दाखवेल, ते बरोबर आहे. दुसरी तेवढीच डिस्क कॉपीसाठी घ्या आणि ती दुसऱ्या घरी ठेवा.

सात मिनिटांचं कोडं सरळ आहे. तुमची डिस्क एफएटी३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली आहे आणि त्यात एका फाइलला ४ जीबीची मर्यादा असते. सेकंदाला १० एमबीच्या हिशोबाने ४ जीबी सात मिनिटांत भरतात. डिस्क एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा. अर्थात त्यावरचं आधी दुसरीकडे हलवून.

आणखी एक. स्टिक आणि बाहेरची डिस्क एकाच यूएसबी हबवर लावू नका. शक्यतो संगणकाच्या आतल्या डिस्कवर कॅप्चर करून नंतर बाहेर हलवा.

प्रश्न : ओबीएस आधीच आहे, मुलगा त्यावर गेम रेकॉर्ड करतो. तेच वापरलं तर?
— सिडको

उत्तर : चालेल, पण आम्ही सुचवणार नाही. ओबीएस हे पडद्यावरची दृश्यं एकत्र करून प्रक्षेपित करायला बनवलेलं आहे. येणारं चित्र ते स्वतःच्या कॅनव्हासवर नव्याने रंगवतं, आकार बदलतं, मूळ सेटिंगमध्ये रंग ४:२:० (उभ्या दिशेनेही नमुने निम्मे) करतं आणि स्वतःच्या घड्याळाने फ्रेम काढतं. व्हीसीआरचं घड्याळ वेगळं, त्यामुळे मधूनच एखादी फ्रेम दुप्पट होते किंवा गळते, आणि तसं झाल्याचं कळतही नाही. ७२० बाय ५७६ कॅनव्हास, २५ फ्रेम आणि डीइंटरलेसिंग (आडव्या रेषा काढणं) बंद, एवढं करून घाईची एखादी कॅसेट काढता येईल. जपून ठेवायची प्रत मात्र नको.

बाजारात कॅसेटचं चित्र एचडीएमआयमध्ये बदलणारी छोटी डबीही मिळते. तिच्याही वाटेला जाऊ नका. ती रेषा घाईघाईने पुसते, चित्र ताणून ७२० किंवा १०८० करते, बऱ्याचदा २५ चे ६० करते, आणि मग हालचाल अडखळत दिसते. हे सगळं कायमचं.

प्रश्न : दोन तासांच्या कॅसेटमध्ये सुरुवातीला आवाज जुळतो, शेवटी मंगलाष्टकं आधी ऐकू येतात आणि अक्षता नंतर पडतात. व्हर्च्युअलडबच्या उजव्या बाजूला ‘ड्रॉप्ड’पुढे ३०० च्या वर आकडा आहे. संगणक कमी पडतोय का?
— नाशिकरोड

उत्तर : संगणकावर संशय सगळ्यात शेवटी घ्या. आधी दोन गोष्टी वेगळ्या करू.

पहिली घड्याळांची. चित्र स्टिककडून आणि आवाज संगणकाच्या निळ्या लाइन-इनमधून घेत असाल, तर दोन वेगळे क्रिस्टल वेळ मोजत आहेत. त्यांच्यात दहा लाखांत फक्त ५० चा फरक असला, तरी तीन तासांत अर्ध्या सेकंदाहून जास्त अंतर पडतं. म्हणून आवाज त्याच स्टिकच्या लाल-पांढऱ्या पिनांतून घ्या. विंडोज १० आणि ११ मध्ये स्टिकचा आवाज मायक्रोफोन म्हणून मोजला जातो. प्रायव्हसी सेटिंगमध्ये डेस्कटॉप अॅपना मायक्रोफोनची परवानगी नसेल तर चित्र येतं आणि आवाज येत नाही. आवाजाची सर्वोच्च पातळी उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका, बँडवाले आले की ती उडी मारतेच. सतत घूं असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. बहुतेक वेळा तो तिथेच थांबतो.

दुसरी गोष्ट गळालेल्या फ्रेमची. एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. ३०० फ्रेम म्हणजे १२ सेकंदांचं चित्र. ती कधी गळतात ते बघत बसा. पहिल्या दोन-तीन सेकंदांत काही गळाल्या तर सोडून द्या, कॅसेट स्थिर होत असते. संपूर्ण कॅसेटभर ठरावीक अंतराने एकेक गळत असेल तर दोष टायमिंगच्या सेटिंगचा आहे. कॅप्चर मेनूतल्या टायमिंगमध्ये रीसिंक बंद ठेवून बघा, आणि ऑडिओ प्लेबॅक, म्हणजे कॅप्चर चालू असताना स्पीकरवर ऐकणं, नक्की बंद करा. आवाज ऐकायचाच तर व्हीसीआरच्या दुसऱ्या आउटपुटला टीव्ही लावा. पण गळती घोळक्याने होत असेल, म्हणजे दहा मिनिटं काही नाही आणि मग एकदम चाळीस, तर तिथे कॅसेट खराब आहे, जोड आहे किंवा कॅमेरा बंद-चालू केलेला आहे.

या घोळक्याचं मूळ असं. फीत किंचित ताणली किंवा घसरली की प्रत्येक ओळ सुरू होण्याची वेळ चुकते. जुना टीव्ही ही चूक सहन करायचा. स्टिकच्या चिपला ती सहन होत नाही, सिंक, म्हणजे ओळ सुरू होण्याची खूण, सापडला नाही की ती फ्रेमच टाकून देते. व्यावसायिक महागडी कार्डंही इथे मार खातात. ती स्टुडिओतल्या स्थिर सिग्नलसाठी बनवलेली असतात, व्हीसीआरसाठी नाहीत. यावर इलाज टाइम बेस करेक्टर, म्हणजे टीबीसी. तो दोन प्रकारचा : ओळींची वेळ सुधारणारा आणि पूर्ण फ्रेमची वेळ सुधारणारा. पहिल्याने उभ्या खांबाची थरथर जाते, दुसऱ्याने फ्रेमची गळती. जेव्हीसी आणि पॅनासॉनिकच्या काही वरच्या दर्जाच्या एस-व्हीएचएस व्हीसीआरमध्ये पहिला आतच असतो. वेगळा फ्रेम टीबीसी आता दुर्मिळ आणि महाग आहे.

मधला मार्ग म्हणजे डीव्हीडी रेकॉर्डर. पॅनासॉनिकचे डीएमआर-ईएस१० आणि ईएस१५ यासाठी नावाजलेले आहेत. व्हीसीआरची वायर रेकॉर्डरच्या इनपुटला, रेकॉर्डर चालू, चॅनेल एव्हीवर, आणि त्याच्या आउटपुटमधून स्टिककडे. त्यात डीव्हीडी घालायची नाही, काही रेकॉर्ड करायचं नाही. चित्र त्यातून जाताना आतली मेमरी ओळी सरळ करून देते. चित्राचा वरचा भाग एका बाजूला झुकत असेल तर यासारखा स्वस्त उपाय नाही. जुन्या बाजारात असा रेकॉर्डर दिसला तर डीव्हीडीचा ड्राइव्ह मेलेला असला तरी घ्या, आपल्याला त्याची गरज नाही.

लाईट जाण्याचाही विचार करा. यूपीएसवर संगणकाबरोबर व्हीसीआरही घ्या. तरीही कॅप्चर मध्येच तुटलं तर एव्हीआय फाइलची अनुक्रमणिका लिहिली जात नाही आणि साधा प्लेअर ती उघडत नाही. फाइल पुसू नका. व्हर्च्युअलडबमध्ये उघडली की ते अनुक्रमणिका पुन्हा बांधून घेतं.

प्रश्न : रंगपंचमीला रहाडीत (रंगाच्या हौदात) धप्पा मारतानाचं नव्वदीतलं चित्रण आहे. केशरी रंग माणसाच्या अंगाबाहेर उजवीकडे सांडलेला दिसतो, डोक्यावरचा रंग कपाळावर उतरतो. ४:४:४ किंवा १० बिट कोडेक घेतला तर सुधारेल का?
— जुने नाशिक

उत्तर : नाही. हा रंग कॅसेटवरच सांडलेला आहे. व्हीएचएसमध्ये उजेडाच्या भागाला साधारण ३ मेगाहर्ट्झ जागा मिळते. रंग मात्र खाली ६२७ किलोहर्ट्झच्या आसपास सरकवून, जेमतेम अर्ध्या मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात कोंबलेला असतो. त्यामुळे चित्राच्या पूर्ण रुंदीत रंगाचे वेगळे ओळखू येतील असे ठिपके ४० च्या घरात. ७२० पिक्सेलमध्ये ४० म्हणजे एक ठिपका १८ पिक्सेलचा. ओल्या अंगाची कड एका पिक्सेलवर संपते आणि केशरी अठरा पिक्सेलपर्यंत ओघळत जातो. ४:२:२ मध्ये आडव्या ओळीत रंगाचे ३६० नमुने असतात, म्हणजे कॅसेटवर आहे त्याच्या नऊपट. ४:४:४ (प्रत्येक पिक्सेलला रंगाचा नमुना) घेऊन फक्त डिस्क भरेल.

मग ४:२:० का नको, असं कुणी विचारेल. तिथे अडचण उभ्या दिशेची आहे. इंटरलेस, म्हणजे दोन फील्डच्या चित्रात ४:२:० चा रंग प्रत्येक फील्डचा वेगळा धरावा लागतो. पुढचं एखादं सॉफ्टवेअर ते विसरलं की एका फील्डचा रंग दुसऱ्यावर चढतो आणि लाल-केशरी कडांना पायऱ्या पडतात. तुमच्या चित्रणात तर तेच रंग भरलेले आहेत.

दोन गोष्टी करता येतील. एस-व्हीएचएस व्हीसीआर मिळाला तर पिवळ्या पिनेऐवजी एस-व्हिडिओची वायर लावा. उजेड आणि रंग वेगळे आले की कडांवर सरकणारे ठिपके जातात. आणि कॅप्चर झाल्यावर एव्हीसिंथ या सॉफ्टवेअरमध्ये किंवा व्हर्च्युअलडबच्या फिल्टरने फक्त रंगाचा थर डावीकडे दोन ते चार पिक्सेल आणि वर दोन ओळी सरकवा. कपाळावर उतरलेला रंग पुन्हा डोक्यावर जातो. कडा मऊच राहतील, पण डोळ्याला खुपणार नाहीत. किती सरकवायचं ते प्रत्येक कॅसेटला वेगळं बघा. कॉपीची कॉपी असेल तर जास्त लागतं.

प्रश्न : अमेरिकेतल्या बहिणीने पाठवलेली कॅसेट टीव्हीवर रंगीत दिसते, कॅप्चरमध्ये काळी-पांढरी आणि वर सरकत राहते.
— सातपूर

उत्तर : कॅसेट एनटीएससी आहे : ५२५ ओळी, सेकंदाला ६० च्या जवळ फील्ड. आपल्याकडचा बहुपद्धतीचा व्हीसीआर तिचा फक्त रंग बदलून देतो, ओळी आणि वेग तसेच ठेवतो. या मिश्रणाला पाल-६० म्हणतात. टीव्ही ते निभावून नेतो, पाल-बीवर ठेवलेली स्टिक नाही. कॅप्चर फिल्टरमध्ये पाल-६० निवडा, आकार ७२० बाय ४८०, वेग २९.९७. यादीत पाल-६० नसेल आणि व्हीसीआरला ‘एनटीएससी ४.४३’ असं बटण असेल तर ते दाबून स्टिकवर एनटीएससी ४.४३ बघा. कॅसेटचं कव्हर उलटून त्यावर टी-१२० लिहिलेलं दिसलं तरी ओळखावं. आपल्याकडच्या कॅसेटांवर ई-१८० असतं.

प्रश्न : कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या कडेला पांढरी भुकटी दिसते. पुसून लावू का?
— गंगापूर रोड

उत्तर : लावू नका. ती बुरशी आहे. एकदा व्हीसीआरमध्ये गेली की हेडवर बसते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. अशा कॅसेटा वेगळ्या पिशवीत, सिलिका जेलसह ठेवा आणि सगळ्यात शेवटी, बुरशी साफ करणाऱ्याकडूनच काढून घ्या. हेड साफ करायचं तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि शॅमॉय चामडं. चामडं ड्रमला आडवं टेकवून स्थिर धरायचं आणि ड्रम हाताने फिरवायचा. कापसाच्या काडीने वर-खाली घासलं तर हेडचा टवका उडतो. निरोगी कॅसेटही कॅप्चरच्या आधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे घ्या, वर्षानुवर्षं घट्ट बसलेली फीत मोकळी होते.

प्रश्न : सोनीचा जुना डिजिटल८ कॅमेरा आणि हाय८ च्या कॅसेटा आहेत. यालाही स्टिकच लावायची का?
— देवळाली कॅम्प

उत्तर : कॅसेट डिजिटल८ ची असेल तर अजिबात नाही. फितीवर आकडेच आहेत, ते फायरवायरने (अशा कॅमेऱ्यांच्या डिजिटल वायरने) जसेच्या तसे उतरवायचे. विनडीव्हीसारखं छोटं सॉफ्टवेअर पुरतं. फाइल तासाला १३ जीबी. डेस्कटॉपला फायरवायरचं कार्ड लागेल. विंडोजच्या नव्या आवृत्तीत कॅमेरा दिसत नसेल तर कार्डाचा ‘लेगसी’ ड्रायव्हर टाकून बघा.

हाय८ ची कॅसेट मात्र अॅनालॉग आहे. काही डिजिटल८ कॅमेरे ती चालवून आतल्या आत डीव्ही या डिजिटल प्रकारात बदलून देतात, सगळे नाही. मॅन्युअलमध्ये हाय८ प्लेबॅक लिहिलंय का ते बघा. ही वाट सोयीची आहे : कॅमेऱ्यातला टीबीसी ओळी सरळ करतो, फ्रेम गळत नाहीत, आवाज जुळलेला येतो. किंमत एवढीच की पालमधलं डीव्ही ४:२:० आहे आणि २५ मेगाबिटला दाबलेलं. स्थिर सिग्नलवरचं डीव्ही हे गळक्या सिग्नलवरच्या लॉसलेसपेक्षा केव्हाही बरं. दोन्ही हवं असेल तर त्याच कॅमेऱ्यात टीबीसी चालू करून एस-व्हिडिओतून स्टिकमध्ये लॉसलेस घ्या.

प्रश्न : माझ्याकडे लॉसलेस फाइली तयार आहेत. आता घरच्यांना टीव्हीवर आणि मोबाइलवर बघता येईल असं काय करू?
— मेन रोड

उत्तर : आता आडव्या रेषा काढायच्या. ‘२५ फ्रेम’वर काढू नका, ५० वर काढा. प्रत्येक फील्डची एक पूर्ण फ्रेम बनते आणि लेझीम खेळणाऱ्यांची हालचाल कॅसेटवर होती तशी सलग राहते. सगळ्यात चांगला निकाल क्यूटीजीएमसी या रेषा काढणाऱ्या फिल्टरचा. हायब्रिड नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तो एका खुणेवर मिळतो, पण वेळ खातो, रात्री लावून झोपा. घाई असेल तर हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये बीडब्ल्यूडिफ फिल्टर, प्रीसेट बॉब, फ्रेम रेट ५०.

फील्डचा क्रम बघून घ्या. स्टिकवरून आलेलं चित्र सहसा वरच्या फील्डपासून सुरू होतं, डीव्ही नेहमी खालच्या. उलटा पडला तर चालणारा माणूस दोन पावलं पुढे, एक मागे असा थरथरतो. स्थिर दृश्यात हे कळत नाही, म्हणून तपासायला वरातीचा तुकडा घ्या.

मग डाव्या-उजव्या बाजूचे आठ-आठ पिक्सेल कापून आकार ७६८ बाय ५७६ करा, नाहीतर माणसं किंचित चुकीच्या जाडीची दिसतात. तळाशी आठ-दहा ओळींची जी फाटकी पट्टी दिसते ती हेड बदलतानाची आहे, प्रत्येक व्हीएचएसला असते. तिच्यावर काळी पट्टी टाका. एन्कोडर एक्स२६४, दर्जा आरएफ १८, आवाज एएसी १६० किलोबिट. तासाला साधारण २ ते ३ जीबी होतील. यूट्यूबवर टाकायचं असेल तर १४४० बाय १०८० पर्यंत मोठं करून टाका. ७२० पेक्षा कमी उंचीला तिथे ५० फ्रेम राहत नाहीत.

व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलात तर ते पुन्हा दाबतं आणि सगळे चौकोन परत येतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, तिथे २ जीबीपर्यंतची फाइल जाते. त्याहून मोठी असेल तर व्हर्च्युअलडबमध्येच मूळ फाइलचे विधीनुसार तुकडे करून घ्या. हळद, सीमांतपूजन, लग्न, वरात असे वेगळे तुकडे एन्कोड केले की प्रत्येक मर्यादेत बसतो आणि आत्याला फक्त वरातच बघायची असेल तर शोधत बसावं लागत नाही.